मुलांची झोप आणि वस्तीचे घड्याळ



मुले मोबाइल सोडत नाहीत, रात्री उशिरापर्यंत जागतात आणि त्यांची वजने वाढत चालली आहेत, ही तक्रार आता केवळ सुखवस्तू घरांची राहिलेली नाही. नालासोपारा पूर्वेकडील तुळिंजसारख्या कष्टकरी वस्तीचाही तो प्रश्न आहे. त्यावरचा उपाय मात्र ठरलेला असतो: आईबापांनी शिस्त लावावी. उपदेशाला खर्च येत नाही, म्हणूनच तो इतका सुलभ असतो.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहिले पाहिजे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तासांची झोप लागते. रात्री डोळ्यांवर पडणारा पडद्याचा प्रकाश झोपेची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची निर्मिती रोखतो. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याची ओढही वाढते. पडद्यासमोर जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे भान राहत नाही. शिवाय त्याच पडद्यावर खाऊच्या जाहिराती चालू असतात. अमेरिकेतील सॅन होजे येथे टॉमस रॉबिन्सन यांनी दोन प्राथमिक शाळांपैकी एकीत टीव्ही कमी करण्याचे धडे सहा महिने दिले. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या शाळेतील मुलांची उंचीच्या मानाने होणारी वजनवाढ दुसऱ्या शाळेपेक्षा मंदावली होती. टीव्हीसमोरची जेवणेही कमी झाली होती.

आपल्या देशात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. त्याच पाहणीत ३५.५ टक्के बालके खुरटलेली आढळली. कुपोषणाची ही दोन्ही रूपे एकाच अर्थव्यवस्थेची अपत्ये आहेत.

तुळिंजकडे या दृष्टीने पाहावे. नालासोपाऱ्याहून चर्चगेट सुमारे ५६ किलोमीटर. लोकलच्या गर्दीतून रात्री परतणाऱ्या माणसाचे घर उशिरा जेवते. एकाच खोलीत दिवा आणि टीव्ही चालू असताना मुलाने वेळेवर झोपावे तरी कोठे? चाळी आणि इमारती दाटत गेल्या, तशी खेळाची जागा आटली. उलट २०१६ नंतर मोबाइलचा डेटा झपाट्याने स्वस्त झाला. मैदान महाग आणि पडदा स्वस्त, अशी ही बाजारव्यवस्था आहे. कामावर गेलेल्या आईच्या गैरहजेरीत मूल घरात सुरक्षित ठेवणारा सर्वांत स्वस्त राखणदार म्हणजे मोबाइल. त्याबद्दल त्या आईला दोषी ठरविणे हा अन्याय होय.

शासनाने या प्रश्नाची दखल घेतली, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वा त्यानंतर भरविण्याचा आदेश निघाला. परंतु त्याने सकाळ बदलली, रात्र तशीच राहिली. सातची लोकल गाठणाऱ्या आईच्या मुलाला नऊ वाजता शाळेत कोण पोहोचविणार, हा प्रश्नही उरतोच.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये निराळी वाट धरली. सायंकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही व मोबाइल बंद. हेतू अभ्यासाचा होता; पण त्यातील धडा व्यापक आहे. एकट्या घराने पडदा बंद केला, तर त्या घरचे मूल एकाकी पडते. सगळ्या गावाने केला, तर मुलाला सोबती मिळतात.

शहरी वस्तीत नुसता भोंगा पुरणार नाही. शाळांची पटांगणे संध्याकाळी खुली व्हावीत, महापालिकेने वस्तीत पाळणाघरे व अभ्यासिका चालवाव्यात, मुलांना उद्देशून केलेल्या खाऊच्या जाहिरातींना आळा बसावा आणि कामाचे तास मर्यादेत राहावेत, या मागण्या कार्यकर्त्यांनी लावून धरल्या पाहिजेत. त्याबरोबरच चाळीचाळींतून बैठका घेऊन, जेवताना व झोपेपूर्वी तासभर पडदा बंद ठेवण्याचा निर्णय शेजाऱ्यांनी मिळून करावा. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढले, त्यात विश्रांतीचा हक्क होताच. तो हक्क कामगारांच्या मुलांनाही आहे.