बॅटरी बदलली, की फोन धावेल?

फोन मंदावला की आपण त्याला म्हातारा ठरवतो. मी म्हणतो, आधी दुखणं ओळखा. बॅटरी म्हणजे फोनचा दम. ती झिजली, की प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागताच व्होल्टेज घसरतं आणि फोन अचानक बंद पडतो. तो पडू नये म्हणून अ‍ॅपलने २०१७ मध्ये काही जुन्या आयफोनना ग्राहकांना न सांगता लगाम घातला. डिसेंबरात कबुली दिली आणि २०१८ मध्ये अमेरिकेत ७९ ऐवजी २९ डॉलरांत बॅटरी बदलून दिली. नवी बॅटरी बसताच लगाम सुटला. न सांगितल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला.

मात्र मेमरी भरली असेल, अ‍ॅप्स जड झाली असतील, तर बॅटरी बिचारी काय करणार? तिथं साफसफाईच हवी. म्हणून सेटिंग्जमध्ये बॅटरीची क्षमता दिसत असेल, तर पाहा. ८० टक्क्यांखाली असेल आणि फोन मध्येच बंद पडत असेल, तर बॅटरी बदला. एकाच फोनवर मुलाचा अभ्यास आणि बापाचा धंदा चालवणाऱ्या घरात नव्या फोनचे पैसे म्हणजे कित्येक महिन्यांचा किराणा असतो.