शिक्षा केवढी, यापेक्षा शिक्षा होणार का?

गावात काही वाईट घडलं की गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "चौकात फटके द्या त्याला." दुसरी म्हणते, "फाशीच द्या." राग खराच असतो. पण शिक्षा जबर केली की गुन्हे थांबतात का? अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसानं या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. आज आम्ही त्याच्याविषयी सांगणार आहोत.

त्याचं नाव चेझारे बेक्कारिया, इटलीतल्या मिलान शहरातला. गुन्हे आणि शिक्षा यांवरचं त्याचं छोटंसं पुस्तक १७६४ साली निघालं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. भीतीपोटी त्यावर स्वतःचं नावही घातलं नव्हतं.

त्या काळी युरोपात कबुलीसाठी आरोपीचा छळ करायला कायद्याचीच मुभा होती. फ्रान्समध्ये १७६२ साली झाँ कालास या कापड व्यापाऱ्याला मुलाच्या खुनाच्या आरोपावरून चाकावर बांधून, हाडं मोडून मारलं. तीन वर्षांनी तो निर्दोष ठरला!

बेक्कारिया म्हणाला, छळ केला तर धट्टाकट्टा गुन्हेगार सोसून सुटतो आणि अशक्त निरपराध माणूस नको ते कबूल करतो. आपण म्हणतो ना, चोर सोडून संन्याशाला सुळी, तसंच.

त्याचं दुसरं म्हणणं असं, की माणूस नफा-तोटा पाहतो. शिक्षेचा तोटा गुन्ह्याच्या फायद्याहून थोडा जास्त असला की पुरे. लहान-मोठ्या गुन्ह्याला एकच शिक्षा ठेवली, तर मोठा गुन्हा करायला कोण कचरेल? आणि मुख्य म्हणजे, शिक्षा हलकी असली तरी ती नक्की व्हावी, लवकर व्हावी. जबर शिक्षेतून सुटायची आशा असेल, तर तिचा धाक राहत नाही.

हा विचार आपल्यापर्यंतही आला. इंग्लंडच्या बेंथमनं तो पुढे नेला. बेंथमच्या विचारांचा प्रभाव असलेल्या मेकॉलेनं भारतासाठी कायद्याचा मसुदा केला. त्यातून १८६० साली भारतीय दंड संहिता आली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. तिच्यात पाच हजारांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केली आणि माल परत दिला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आजही कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा धरत नाहीत.

बेक्कारियाचा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. दारूच्या नशेत हात उचलणारा नफा-तोटा मोजत बसत नाही. पण आज मारलं, उद्या कुणी विचारलं नाही, की परवा त्याचा हात आणखी सैल सुटतो, हे आपण घरोघरी पाहतो.

म्हणून मैत्रिणींनो, "फाशी द्या" म्हणणं सोपं आहे. तक्रार नोंदवायला बाईबरोबर जाणं अवघड आहे, आणि काम त्यानंच होतं. गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द आड येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तारखेला साक्षीदार फिरला, तर कायदा कितीही कडक असो, आरोपी सुटू शकतो. पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा, आपल्यातल्या एखादीवर वेळ आली तर ठाण्यात तिच्याबरोबर कोण जाईल आणि कोर्टात कोण उभी राहील.