लेखणीतली माणसे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चिटणीसबाईंनी फारच आग्रह धरला म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात मी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचली. १८९० पासून ती त्यांच्याच ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येत होती. हरिभाऊ तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे. पण सगळी हकीकत यमूच्या तोंडून. माजघरातले टोमणे, सासरचा धाक या पुरुषाला इतके कसे कळले, याचे मला नवल वाटत होते. पुढे मुंबईला यमूचा संसार सुखाचा चालतो, आणि रघुनाथराव जातात. मग शंकरमामंजी त्या पोरीचे बळजबरीने केशवपन करवितात. तेथे तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळले नाही. मला हरिभाऊंचाच राग आला. लेखणी तर यांच्या हातात! रघुनाथरावांना चार वर्षे अधिक द्यायला शाईखेरीज काय लागत होते?

आता माझी गोष्ट सांगते; थोरल्या जाऊबाईंना विचारूनच सांगते. त्या बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या व आमच्याच घरी राहिल्या. आपल्या मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी मी त्यांच्यावर गोष्ट लिहिली. नाव तेवढे बदलले. गोष्टीत मी त्यांचे दुसरे लग्न लावून दिले, पुण्याला बंगला दिला, दारात मोगरादेखील लावला. वाटले, वाचून खूश होतील.

त्यांनी अंक मिटला आणि म्हणाल्या, “ही बाई कोण गं? तुझी दोन बाळंतपणं मी काढली. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला होत्या, त्यांचं सगळं केलं. ते कुठं गेलं यात?”

मी गप्प बसले. त्यांना सुख द्यायला म्हणून लिहीत होते, पण हलके करायचे होते ते माझेच मन. माझ्या वाटणीचे कष्ट त्यांनी उपसले होते, आणि मी कागदावरचा बंगला देऊन मोकळी होत होते. त्यानंतर हरिभाऊंवरचा राग गेला. यमूला त्यांनी वाचवले असते, तर वाचणारा सुस्कारा टाकून जेवायला बसला असता. घरोघरच्या यमूंचे केस काही परत आले नसते. तिच्यावर माया होती म्हणूनच हात आवरला असावा, असे मला वाटते.

बाईने लिहिले तर आणखी एक फेरा. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले, त्यावर नाव विभावरी शिरूरकर. खऱ्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. गोष्टीतल्या मुलींची दुःखे लोक लिहिणारीच्याच पदरात बांधतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. माझी गोष्ट वाचून शेजारच्या दोघीतिघींनी मलाच विचारले होते, “घरी सगळं ठीक आहे ना?”

ती गोष्ट मी पुन्हा लिहायला घेतली आहे. रात्री भांडी आवरल्यावर जाऊबाई थोडे थोडे सांगतात. मधेच म्हणतात, “हे नको लिहू.” ते मी लिहीत नाही. मोगरा मात्र त्यांनी ठेवायला सांगितला आहे.