पाडव्याच्या रात्री आकाशातून काय पडलं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग सरकत गेली आणि तर्कांना ऊत आला. उल्का, विमान, उडती तबकडी!

उत्तर जमिनीवर मिळालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं होतं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी चीननं फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याकडे बोट दाखवलं.

वेगातही खूण होती. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगानं येते आणि बहुधा काही क्षणांतच विझते. पृथ्वीभोवती फिरणारं भंगार त्याहून सावकाश, जवळजवळ आडवं वातावरणात शिरतं, म्हणून ते बराच वेळ तुटत, जळत जाताना दिसतं.

तबकडीची शंका निरुपद्रवी. आजारामागे भूत असल्याची शंका मात्र तशी नाही. ‘बाधा’ झाली म्हणून आजारी बाईला साखळीनं बांधून मारलं जातं, तेव्हा जखमा खऱ्याच असतात, आणि आजाराचे उपचार तेवढे लांबतात. हे संतापजनक आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखालची अशी मारहाण गुन्हा ठरवली असून, सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद केली आहे. असा प्रकार दिसला, तर त्याची तक्रार थेट पोलीस ठाण्यात करता येते.