घरातील ध्वनिमुद्रण

म्हैसूर येथील महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे अध्यापन करणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातूनच नभोवाणीचे एक केंद्र सुरू केले. त्याचा प्रक्षेपक अवघ्या ३० वॅटचा होता. ‘आकाशवाणी’ हे त्याचे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले, आणि १९५५ साली ते केंद्र बंगळूरला गेले. तेव्हा घरातील दालनाचेच ध्वनिगृह करणे ही गोष्ट त्या प्रदेशाला नवी नाही.

त्याच बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांच्या किंवा जवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील कचेऱ्यांच्या निमित्ताने येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाकडे गावची आजी चार महिने राहावयास येते. जात्यावरच्या ओव्या तिला मुखोद्गत असतात. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखावर ओव्या जमविल्या खऱ्या. परंतु त्या सर्वांचेच ध्वनिमुद्रण होऊ शकले नाही, आणि कागदावर शब्द राहतात, चाल राहत नाही. आजीची चाल तरी राहावी म्हणून नातू सामग्री घ्यावयास निघतो, आणि तेथेच बहुधा फसतो.

पहिला मोह पडतो तो कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनचा. हा मोठा तीक्ष्ण कानांचा असतो. त्याला ४८ व्होल्टचा वीजदाब तारेतूनच पुरवावा लागतो, आणि शांत खोलीत त्याचे काम उत्तम होते. पण होसूर रस्त्यावरील मालमोटारी, ऑगस्ट २०२५ पासून बोम्मसंद्रापर्यंत धावू लागलेली मेट्रो आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर, हे सारे तो आजीइतक्याच आदराने टिपून घेतो. नवशिक्याने डायनॅमिक मायक्रोफोन घेणे शहाणपणाचे. त्यात चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे लहानसे वेटोळे आवाजाबरोबर हलते. त्याला निराळी वीज लागत नाही, मात्र आवाज जवळून द्यावा लागतो. हे जवळ असणेच उपयोगी पडते. तोंड व मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले की आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो. रस्त्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. मायक्रोफोन आजीच्या नाकासमोर धरू नये, साक्ष घेतल्यासारखे वाटते. हनुवटीच्या किंचित खाली, बाजूस, वीतभर अंतरावर तो उभा करावा.

दुसरी वस्तू म्हणजे मायक्रोफोन संगणकास जोडणारा इंटरफेस. दोन खोबणींचा पुरे. २४ बिटांवर मुद्रण करीत असल्यास आवाजाची पातळी खाली ठेवण्यास भिण्याचे कारण नाही. दबका आवाज नंतर चढविता येतो, फाटलेला सांधता येत नाही. कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवाच. ऑडॅसिटी ही आज्ञावली फुकट मिळते. भारी ध्वनिक्षेपकांची खरेदी खुशाल पुढे ढकलावी.

उरलेला पैसा खिशात ठेवून खोलीकडे पाहावे. कपाटे, गाद्या, पडदे असलेली आतली खोली निवडावी आणि गायिकेच्या मागे व दोन्ही बाजूंस जाड गोधड्या टांगाव्यात. गोधडी बाहेरचा आवाज अडवीत नाही, त्याला भिंतीचे वजन लागते. ती खोलीतला घुमारा तेवढा शोषते. बाहेरच्या गोंगाटावर पहाटेसारखे औषध नाही, आणि दळणाची वेळही तीच. पंखा बंद ठेवावा. पुष्कळ म्हाताऱ्यांना हात चालल्यावाचून ओवी सुचत नाही. जाते नसले तरी मांडीवर मऊ कापडाची गुंडाळी द्यावी. सूप दिल्यास ते वाजते.

प्रारंभी आजीच्याच तोंडून तिचे नाव, गाव आणि ओव्या कोणाकडून आल्या ते वदवून घ्यावे. त्यानंतर दहा सेकंद केवळ रित्या खोलीचे मुद्रण करावे, म्हणजे मागाहून तिची गुणगुण वेगळी काढता येते. मूळ मुद्रण दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवावे, आणि त्यांपैकी एक गावी परत जाताना आजीबरोबर पाठवावी.