बटण कुणी दाबलं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कॉपीराइट म्हणजे स्वामित्वहक्क हा लेखकांचा, सिनेमावाल्यांचा आणि त्यांच्या वकिलांचा विषय, असं आपण धरून चालतो. बलात्काराचा कायदा, पोटगी, रोजगार हमी यांवर आपण रात्र रात्र चर्चा केल्या, मसुदे वाचले, सूचना पाठवल्या. या कायद्याकडे मात्र फिरकलो नाही. म्हणून आज मुद्दाम तो घेतला आहे. इंटरनेटवरची गोष्ट कुणाच्या तक्रारीवरून, किती लवकर काढायची, याची घडी मुख्यतः या कायद्यानं बसवली. ती बसवताना बाई कुणाच्या डोळ्यासमोर नव्हती.

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण हा वाद सर्वात जास्त पेटला तो तिथे. गाणी इंटरनेटवरून एकमेकांना फुकट देण्याची सोय झाली आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांनी हजारो सामान्य माणसांवर दावे लावले. बहुतेकांनी काही हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मिनेसोटा राज्यातल्या जॅमी थॉमस या बाईनं मिटवायला नकार दिला. मुलाबाळांची आई, साधी नोकरी करणारी. २४ गाण्यांचा खटला. २००७ मध्ये ज्यूरीनं दंड ठरवला २ लाख २२ हजार डॉलर. फेरखटल्यात २००९ साली तो झाला १९ लाख २० हजार, म्हणजे एका गाण्याला ८० हजार! न्यायाधीशांनाच ती रक्कम भयंकर वाटली, त्यांनी ती ५४ हजारांवर आणली. कंपन्यांना ते पटलं नाही. तिसऱ्यांदा खटला झाला, १५ लाख ठरले, आणि शेवटी २०१२ मध्ये वरच्या न्यायालयानं पहिली रक्कम, २ लाख २२ हजार, कायम केली.

ती निर्दोष होती असं मी म्हणत नाही. तिन्ही ज्यूरींनी तिच्या विरोधातच कौल दिला. पण हा दंड आला कुठून ते पाहा. तिथल्या कायद्यात एका गाण्यामागे किमान ७५० आणि कमाल दीड लाख डॉलर असा पट्टा आहे. चोरट्या प्रतींचा कारखाना चालवणारा आणि घरच्या संगणकावर बसलेली आई, दोघांना तोच. नुकसान किती झालं हे सिद्ध करायचीही गरज नाही. हुंड्याच्या किंवा पोटगीच्या खटल्यात 'पुरावा आणा, पावत्या आणा' हे ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांनी हे जरा मनात ठेवावं.

पुढे 'सोपा' आणि 'पिपा' अशा लाडक्या नावांची दोन विधेयकं तिथल्या संसदेत आली. परदेशी संकेतस्थळावर चोरीचा माल आहे असा आरोप झाला की न्यायालयाच्या आदेशानं शोधयंत्रातून त्याचं नाव उडवायचं, पैशाची देवाणघेवाण बंद करायची, असा बेत. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियानं चोवीस तास दार बंद ठेवलं, अनेक संकेतस्थळांनी साथ दिली, आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयकं बासनात गेली. लोकांनी कायदा अडवला, याचा मलाही आनंद आहे. मात्र त्या भांडणात एका बाजूला सिनेमा-संगीताच्या कंपन्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला, लोकांच्या खांद्याला खांदा लावून, इंटरनेटच्या कंपन्या. म्हणजे थैलीशहा दोन्हीकडे होते.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेनं १९९८ मध्येच एक कायदा केला होता. माझं गाणं, माझा फोटो तुमच्या संकेतस्थळावर विनापरवाना आहे, अशी नोटीस मालकानं दिली की संकेतस्थळानं तो लगोलग काढायचा; नाहीतर जबाबदारी त्याच्यावर. कोर्टात जायची गरज नाही. गाण्यासाठी ही सोय झाली.

नवऱ्यानं किंवा मित्रानं सूड म्हणून खाजगी फोटो इंटरनेटवर टाकलेल्या बाया वकिलांकडे जाऊ लागल्या. वकील विचारायचे, फोटो कुणी काढला होता? तूच काढून त्याला पाठवला होतास? मग तू कॉपीराइटची मालक, नोटीस देऊ. आणि त्यानं काढला असेल तर? तर मालक तो! चेहरा तिचा, शरीर तिचं, अब्रूही तिचीच जाणार, पण बटण त्यानं दाबलं म्हणून फोटो त्याचा. बरं, मालकीण असली तरी खटला भरायचा तर कॉपीराइटची नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी तेच फोटो सरकारी कचेरीत पाठवायचे. राज्याराज्यांत यावर गुन्ह्याचे कायदे झाले. पण असे फोटो ४८ तासांत काढायची सक्ती संकेतस्थळांवर करणारा देशव्यापी कायदा तिथे व्हायला मे २०२५ उजाडलं. गाण्याला १९९८, बाईला २०२५. मधे सत्तावीस वर्षं.

आपल्याकडे फार वेगळं नाही. १९५७ च्या आपल्या कायद्यातही फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि दुसरा काही करार नसेल, तर पैसे देऊन काढवून घेणारा मालक. तुमच्या लग्नाच्या अल्बमचे पैसे कुणी दिले होते, आठवून पाहा. २०१२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या वेळची चर्चा गाजली ती गीतकार-संगीतकारांच्या मानधनावरून. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले आणि ते रास्तच होतं. दुरुस्तीनंतर २०१३ च्या नियमांत आलं की मालकाची लेखी तक्रार आली की संकेतस्थळानं ३६ तासांत ती गोष्ट थांबवायची. बाईचे खाजगी फोटो तिच्या स्वतःच्या तक्रारीवर २४ तासांत काढायचे, ही वेगळी मुदत आली २०२१ च्या नियमांत. तोवर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या होत्याच.

म्हणून 'काढून टाकण्याचे सगळे कायदे म्हणजे सेन्सॉरशिप' असं कुणी म्हणालं की मी मान डोलावत नाही. आपल्याला ती सोय हवी आहे. पण ती मालकीच्या नावानं मिळालेली नको, संमतीच्या नावानं हवी. आणि काढलं त्याला उलट दाद मागता आली पाहिजे. अमेरिकेच्या २०२५ च्या कायद्यात नेमकी हीच उणीव आहे, अशी टीका झाली आहे. खोटी तक्रार करून आपलंच पत्रक उडवलं तर आपण कुठे जायचं?

उडवणं किती सोपं असतं, हेही पाहिलं आहे. २०१२ सालीच मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावर, दोन सिनेमांच्या चोरट्या प्रती अडवायच्या म्हणून इंटरनेट कंपन्यांनी आख्खी संकेतस्थळं बंद करून टाकली. न्यायालयाला नंतर खुलासा करावा लागला की नेमके पत्तेच अडवा. युरोपात तर २०१९ मध्ये, मोठी निदर्शनं होऊनही, नवा कायदा ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला. मोठ्या संकेतस्थळांनी विनापरवाना माल वर चढूच देऊ नये, असा त्याचा रोख. म्हणजे व्यवहारात चाळणी लावणार यंत्र. विडंबनाला सूट आहे म्हणे, पण यंत्राला विडंबन कसं कळणार? आपली निम्मी गाणी फिल्मी चालींवर आहेत, हे विसरू नका. हुंड्याविरुद्धचं आपलं गाणं ऐकून यंत्राला ऐकू येईल ती फक्त चाल.

आणि जात्यावरच्या ओव्या? त्या कुणाच्या? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या कितीतरी इंटरनेटवर ऐकता येतात, गाणारीच्या नावागावासकट. हे त्यांनी आवर्जून केलं, कायद्यानं नव्हे. कायदा ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानतो तो मुद्रण करवून घेणाऱ्याला. गाणारीला सादरकर्ती म्हणून हक्क मिळाला १९९४ च्या दुरुस्तीत. तिच्या संमतीशिवाय मुद्रण करता येत नाही. व्यापारी वापर झाला तर मानधनाचा हक्क २०१२ मध्ये आला. किती जणींना हे ठाऊक आहे?

आपणही मेळाव्यात मोबाइल वर धरतोच. बटण आपणच दाबतो. तेव्हा प्रत्येक मुद्रणामागे एका वहीत बाईचं नाव, गाव, आणि ती कशाकशाला 'हो' म्हणाली ते लिहा: फक्त बैठकीत ऐकवायला, की इंटरनेटवर टाकायलाही. तिनं मागाहून 'नको' म्हटलं तर कुणी, किती दिवसांत काढायचं, तेही तिथेच लिहा. सरकारकडे कोणत्या सूचना पाठवायच्या त्याचा कच्चा मसुदा मी आणला आहे. तो जेवणानंतर गटांत वाचू.