डांबर : कच्च्या तेलाचा तळ

रस्ता उखडला की आपण म्हणतो, ‘ठेकेदाराने डांबर खाल्ले.’ कधी खातोही. पण डांबराचा स्वभाव जाणल्याखेरीज हा निवाडा पुरा होत नाही.

मुळात ज्याला आपण डांबर म्हणतो ते डांबर नव्हेच. अस्सल डांबर दगडी कोळशापासून निघते. ट्रंकेत कपड्यांत घालायच्या डांबरगोळ्या त्याच घराण्यातल्या. रस्त्यावरचे असते बिटुमेन. पण नाव रूढ झाले, आता कोण बदलणार?

मुंबईत माहूल-तुर्भे भागात १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. अशा कारखान्यात कच्चे तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. पेट्रोलची वाफ वर जाते, रॉकेल-डिझेल मध्ये अडते, आणि वाफ व्हायलाच राजी नसते ते तळाशी बसते. या गाळापासून भट्टीचे तेल होते. आपल्या जालन्यात रोलिंग मिल पुष्कळ. पोलाद तापवायच्या भट्टीत हे तेल चालते. मात्र ते इतके दाट, की आधी ऊन केल्याशिवाय फवाऱ्यातून नीट उडत नाही. शिवाय त्यात गंधक असते, तेव्हा धूर वाईट. उरलेला गाळ कमी दाबाखाली पुन्हा ऊर्ध्वपातित केला की तळाशी राहते ते बिटुमेन.

आता आपल्या जाफराबादकडे या. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या रस्त्यात भार पेलते ती खडी. बिटुमेन तिला धरून ठेवते आणि पाणी अडवते, एवढेच. ते दीडशे-एकशे साठ अंशांपलीकडे फार वेळ तापत ठेवले, तर ठिसूळ होते. कमी घातले तर खडी सुटते. जास्त घातले तर चैत्र-वैशाखात वर येऊन चपलेला चिकटते. म्हणजे ‘भरपूर डांबर ओता’ हा आपला आग्रहही चुकीचाच!

खरा वैरी पाणी. बाजूची चर बुजली की ते खडीखाली मुरते, माती फुगते, आणि वरचा थर कितीही चोख असला तरी फाटतो. म्हणून मृगापूर्वी रस्त्याकडेची चर एकदा पाहून घ्या. कुणी शेतात गाडी नेण्यासाठी ती नळी न टाकताच बुजवली असेल, तर नळी टाकायला सांगा. मग ठेकेदाराकडे वळा.